शून्य कुठं मांडायचं?

दिवाळीच्या आधी आठ दिवस आमच्या घरात दोन कामं एकदम निघाली. माळ्यावरची अप्पांची जुनी ट्रंक खाली काढून झाडायची होती, आणि नातीच्या चाचणीच्या पेपरवर घरातल्या कुणाची तरी सही हवी होती. पेपर बघितला तर गणितात पंचवीसपैकी सहा मार्क.

नात पीयूसीच्या पहिल्या वर्षाला आहे, सायन्सला. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली आणि गणितात कधी मागं पडली नाही. पण आपल्या भागात मराठी किंवा कन्नड माध्यमाच्या मुलांचं दहावीनंतर काय होतं, हे वाचकांना मी नव्यानं सांगायला नको. जूनमध्ये कॉलेजात पाऊल टाकलं की सगळं इंग्रजीत. वर्गात सर समजावतात तेव्हा मान हलवायची आणि घरी येऊन शब्दकोश उघडायचा. पेपरात एक प्रश्न तिनं नुसताच उतरून काढला होता, खाली काही नाही. दोन बिंदू दिले होते आणि त्यांतून जाणाऱ्या रेषेचा स्लोप आणि इंटरसेप्ट काढायला सांगितलं होतं.

"आज्जी, मी पुढच्या वर्षी कॉमर्सला जाते," ती म्हणाली. "मला गणितच येत नाही."

"गेल्या वर्षी येत होतं ते कुठं गेलं?"

त्यावर ती रडायलाच लागली.

मी काही गणिताची बाई नव्हे. मराठी शाळेतून एसएसएलसी झाले आणि पुढं सत्तावीस वर्षं एका पतसंस्थेत कारकून होते. पिग्मीची वसुली, कर्जाचे हप्ते, व्याजाची आकारणी हे माझं काम. एक्स आणि वाय यांच्याशी माझा संबंध शाळेबरोबरच संपला होता. तरी पेपरावर सही करून गप्प बसवेना. म्हटलं, "हे स्लोप म्हणजे काय ते मला सांग. इंग्रजीत नको."

तिनं पाठ केलेलं म्हणून दाखवलं. वाय बरोबर एम एक्स अधिक सी. एम म्हणजे स्लोप, सी म्हणजे इंटरसेप्ट.

"स्लोप म्हणजे चढ गं," मी म्हणाले. "आमच्या पुस्तकात रेषेचा चढ असंच होतं."

स्वयंपाकघरातून सूनबाईंचा आवाज आला. त्या धारवाडकडच्या, माहेर पूर्ण कन्नड. "अत्ती, आमच्यात त्याला इळिजारू म्हणतात."

नातीला दोन्ही भाषा येतात. ती डोळे पुसून म्हणाली, "इळिजारू म्हणजे तर उतार! खाली घसरत जाणारा. मग खरं काय, चढ की उतार?"

मला या प्रश्नाची गंमत वाटली. दोन शेजारच्या भाषा एकाच गोष्टीकडं बघतात. एक पायथ्याशी उभी राहून बघते, दुसरी माथ्यावरून. मी तिला म्हटलं, "शहापुरातून आपण कपिलेश्वर पुलावर जातो तेव्हा तुझी सायकल चढाला लागते. समोरून येणाऱ्याला तीच बाजू उताराची. रस्ता बदलला काय?"

"नाही. बाजू बदलली."

"मग तुमच्या पुस्तकात कुठल्या बाजूनं बघतात?"

तिनं विचार केला. आलेखात आपण डावीकडून उजवीकडं जातो. तसं जाताना रेषा वर चढत गेली तर एम अधिक, खाली गेली तर एम उणे. आडव्या रेषेचा एम शून्य. हे तिला वर्गात सांगितलेलं होतंच, पण ते आत्ता कुठं तिच्या डोक्यात शिरलं. "म्हणजे आई आणि तू दोघी बरोबर. अधिक असेल तर चढ, उणे असेल तर इळिजारू."

दुसरा शब्द मात्र अवघड निघाला. इंटरसेप्टला मराठीत आंतरछेद म्हणतात, पण तो शब्द ऐकून तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही आणि माझ्याही नाही. मग मी माझ्या कामातलं उदाहरण घेतलं. एका बाईच्या पिग्मी खात्यावर आधीचे 500 रुपये आहेत. आजपासून ती रोज 20 रुपये भरते. तीस दिवसांनी किती होतील?

"अकराशे."

"कसे काढलेस?"

"वीस गुणिले तीस, अधिक पाचशे." आणि बोलता बोलता ती थांबली. "आज्जी, हेच वाय बरोबर एम एक्स अधिक सी!"

रोजचे 20 हा चढ. एक दिवस पुढं गेलं की शिल्लक किती वाढते, एवढंच तो सांगतो. आणि 500 हा आंतरछेद, म्हणजे मोजायला सुरुवात केली त्या दिवशी, जेव्हा एक्स शून्य असतो तेव्हा, खात्यावर असलेली शिल्लक. आलेखात रेषा उभ्या अक्षाला छेदते ती त्याच जागी. पतसंस्थेत आम्ही त्याला आरंभीची शिल्लक म्हणत होतो. एवढी वर्षं मी रोज हेच समीकरण लिहीत होते आणि मला त्याचं नाव माहीत नव्हतं.

"पण पेपरात एम आणि सी कुठं दिलेत?" ती म्हणाली. "नुसते दोन बिंदू दिलेत. उलटं काढायचं आहे."

तेव्हा ट्रंकेतली वही माझ्या मांडीवरच होती. अप्पांची, लाल कापडी पुठ्ठ्याची. सुरुवातीची पानं वाळवीनं खाल्लेली, मधली चार-पाच शाबूत. मी सहज चाळत होते, आणि "सावकार देणे" असं वर लिहिलेल्या पानावर माझं बोट थांबलं होतं.

इथं आमच्या घराची थोडी हकिगत सांगावी लागेल. अप्पा वडगावला विणकर होते. घरात दोन माग. माझी अक्का माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. तिचं लग्न 1971 च्या मे महिन्यात झालं, बैलहोंगलच्या घरात दिली. पुढं 1972 चा दुष्काळ पडला, साड्यांना उठाव राहिला नाही, आणि 1973 मध्ये सावकाराचं देणं फेडायला अप्पांनी दोनातला एक माग विकला. त्यानंतर आमचं घर पुन्हा पहिल्यासारखं उभं राहिलं नाही. अप्पा दुसऱ्याच्या मागावर मजुरीला जाऊ लागले.

आमची आत्या एक वाक्य बोलायची, आणि ते घरात म्हणीसारखं रुळलं. "थोरलीच्या लग्नानं माग खाल्ला." साडेसातशेचं कर्ज होतं म्हणायचे, तेवढ्यावरून घर बसलं. अप्पांनी हे वाक्य कधी उच्चारलं नाही, पण कधी खोडलंही नाही. अक्काच्या कानावर ते गेलंच. आमचं घर साड्या विणणाऱ्यांचं, पण अक्कानं लग्नानंतर माहेरची साडी कधी घेतली नाही. आई घडी पुढं करायची आणि ती हात मागं घ्यायची. "खण-नारळ पुरे. माझ्यापायी झालं तेवढं बस्स झालं." दिवाळीला बोलावलं तर सासरचं काम सांगायची. आई गेली, अप्पा गेले, दादा गेला. अक्काची ती रीत बदलली नाही.

मी नातीला म्हटलं, "तुझं पुस्तक ठेव बाजूला. माझ्याकडं दोन बिंदू आहेत."

वहीत अप्पांच्या अक्षरात दोन नोंदी स्पष्ट होत्या. 1 नोव्हेंबर 1971 अखेर देणे 816 रुपये. 1 नोव्हेंबर 1972 अखेर देणे 960 रुपये. मध्ये काही भरणा नाही.

"महिने कुठून मोजू?" तिनं विचारलं.

"कुठून म्हणजे? अक्काआज्जीच्या लग्नापासून." मी न विचार करता म्हणाले. आमच्या घरात ते कर्ज दुसऱ्या कुठल्या दिवसापासून मोजतच नसत.

तिनं मे 1971 ला शून्य मांडलं. पहिली नोंद सहाव्या महिन्याची, दुसरी अठराव्या महिन्याची. देणं वाढलं 960 वजा 816, म्हणजे 144. महिने गेले 18 वजा 6, म्हणजे 12. 144 भागिले 12, चढ 12. दर महिन्याला 12 रुपये व्याज. मग ती मागं आली. सहा महिन्यांचं व्याज 72. 816 मधून 72 गेले, राहिले 744. सी बरोबर 744.

"सातशे चव्वेचाळीस," ती खूश होऊन म्हणाली. "साडेसातशेच की! आत्याआज्जी खरंच सांगत होत्या."

मग तिनं ताळा घ्यायचा म्हणून पान उलटलं. दोन बिंदूंतून रेषा कुणालाही काढता येते. तिसरा बिंदू तिच्यावर बसला तरच ती खरी सरळ. शेवटची नोंद 1 मार्च 1973 ची होती, लग्नापासून बाविसावा महिना. 12 गुणिले 22 म्हणजे 264, त्यात 744 मिळवले तर 1,008. वहीत तेच होतं. "1,008 रु. पोच केले. फेड पूर्ण." माग विकला तो महिना. सावकारानं व्याजावर व्याज लावलं नव्हतं, म्हणून रेषा सरळ राहिली. चक्रवाढ असतं तर ती वर वाकत गेली असती.

तिचा प्रश्न सुटला होता. माझा मात्र तिथं सुरू झाला. सत्तावीस वर्षं कर्जाचे अर्ज बघितलेलं माझं डोकं त्या 744 वर अडकलं. सातशे चव्वेचाळीस रुपये कर्ज कोण मागतं? माणूस पाचशे मागतो, सहाशे मागतो, हजार मागतो.

मी वहीचा पुठ्ठा उघडून आतली बाजू बघितली. अप्पांनी तिथं व्याजाचा दर लिहून ठेवला होता, दरमहा शेकडा दोन. महिन्याला शंभरावर 2 रुपये तर 12 रुपये कितीवर? सहाशेवर. मुद्दल 600 होतं.

"मग लग्नाच्या महिन्यात 744 कसं?" नातीनं विचारलं.

"तूच काढ. वाय सहाशे धर आणि एक्स काढ."

600 बरोबर 12 एक्स अधिक 744. 12 एक्स बरोबर उणे 144. एक्स बरोबर उणे 12. ती पेन्सिल धरून माझ्याकडं बघत राहिली. "उणे बारा महिने म्हणजे लग्नाच्या आधी एक वर्ष. आज्जी, कर्ज 1970 च्या मे महिन्यात काढलंय."

आणि मग तिनं जे विचारलं त्याला तिच्या सरांनी नक्की शाबासकी दिली असती. "रेषा तर त्याच्याही मागं जाते. मग कर्ज त्याच्याही आधीचं असेल?" मी म्हटलं, नाही. पुस्तकातली रेषा दोन्हीकडं संपत नाही, पण कर्जाला आरंभ असतो. 600 च्या खाली ही रेषा ओढत नेली तर तिला काही अर्थ नाही, कारण मुद्दलच 600 आहे.

हे मी तिला नीट समजावून सांगितलं. आवाज माझाच होता, पण माझा हात उजव्या कुशीवर गेला होता.

1970 च्या मे महिन्यात आमच्या घरी काय झालं होतं, हे मला वहीत शोधायची गरज नव्हती. मी तेव्हा आठ वर्षांची. पोटात दुखतंय म्हणून दोन दिवस ओवा-पाणी झालं आणि तिसऱ्या दिवशी मला उचलून इस्पितळात नेलं. अपेंडिक्स आत फुटलं होतं. ऑपरेशन, मग पू, मग ताप. महिनाभर मी तिथं होते आणि अप्पा माझ्या खाटेखाली चटई टाकून झोपत होते. तेवढे दिवस त्यांचा माग बंद. त्या जखमेचा वण अजून आहे.

अक्काच्या लग्नासाठी आईच्या पाटल्या मोडल्या, हे तर मला लहानपणापासून माहीत होतं. लग्न त्या पाटल्यांवर झालं होतं. सहाशे रुपये माझ्यावर खर्च झाले होते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कुणी खोटं बोललं होतं असंही नाही. सावकाराचा माणूस दारात पहिल्यांदा आला तो लग्नानंतर, म्हणून आत्यानं तिथून मोजलं. तिचं पाहून आम्ही सगळ्यांनी तिथूनच मोजलं. अप्पांनी का खोडलं नाही, हे सांगायला आता कुणी नाही. नुकत्या वाचलेल्या पोरीवर कर्ज नको म्हणून गप्प बसले असतील, आणि बोलायची वेळ निघून गेली असेल. त्यांच्या गप्प बसण्याचं व्याज मात्र अक्का भरत राहिली.

सकाळी नातीला विचारलं, "आपण लग्नाऐवजी 1970 पासून महिने मोजले तर तुझं समीकरण बदलेल का?" तिनं करून बघितलं. पहिली नोंद आता अठराव्या महिन्याची, दुसरी तिसाव्या. 960 वजा 816 म्हणजे 144, आणि महिने पुन्हा बाराच. चढ 12 चा 12 च राहिला. पण आंतरछेद 744 चा 600 झाला. "चढ बदलत नाही आज्जी. शून्य कुठं मांडतो त्यावर सी बदलतो."

पुस्तकात हे एका ओळीत येत असेल. आमच्या घराला ते कळायला पन्नासावर वर्षं लागली. कर्ज कसं वाढलं हे सावकाराच्या दरानं ठरलं. ते कुणाच्या नावावर पडलं हे मात्र आम्ही शून्य कुठं मांडलं त्यावर ठरलं.

रविवारी वही घेऊन आम्ही दोघी बैलहोंगलच्या बसला बसलो. अक्का आता सत्तरी ओलांडून पुढं गेली आहे, पण दिवाळीत दारात ठिपक्यांची रांगोळी अजून स्वतः घालते. मी सांगायला सुरुवात केली आणि मला दोन वाक्यांच्या पुढं जाता येईना. नातीनं रांगोळीची वाटी ओढून घेतली. "अक्काआज्जी, इकडं बघा. आडवा एक ठिपका म्हणजे सहा महिने. उभा एक ठिपका म्हणजे सहा महिन्यांचं व्याज, 72 रुपये. हा मधला उभा दांडा म्हणजे तुमचं लग्न." अर्धं मराठीत, अर्धं कन्नडमध्ये तिनं सगळं सांगितलं. रेषा तिनं नोव्हेंबर 72 पासून मागं ओढत आणली, नोव्हेंबर 71, मग लग्नाचा दांडा, आणि थांबली नाही. अक्काचं बोट तिच्या बोटामागोमाग दांडा ओलांडून डावीकडं दोन ठिपके सरकलं.

"हे कधीचं?"

"मे 1970. सहाशे रुपये."

अक्का चटकन माझ्याकडं वळली. महिना ऐकताच तिला कळलं. माझ्या खाटेजवळ बसून मला वारा घालणारी तीच होती. "कशाला रडालीस?" ती मलाच म्हणाली. "तू जगतीस का मरतीस कळत नव्हतं गं त्या वर्षी. सहाशे म्हणजे काय मोठं." मग नातीच्या डोक्यावर हात ठेवून, "होगली बिडू. झालं ते झालं."

चहा झाला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. मग बराच वेळ ती रांगोळीकडं बघत बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "पण कुणीतरी मला सांगायला पाहिजे होतं." यावर मला उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

निघताना मी नेहमीप्रमाणे खण-नारळ पुढं केला. तिनं घेतला, पदराला लावला, आणि दारापर्यंत आली तेव्हा म्हणाली, "अप्पांच्या मागावरची आता मिळायची नाही. पण पुढच्या वेळी येताना वडगावची एक साडी आण मला. हिरवी आण."

परतीच्या बसमध्ये नात खिडकीशी बसून पेपरातला तो कोरा प्रश्न सोडवत होती. कॉमर्सचं नाव तिनं त्या दिवशी काढलं नाही. पुढं काढेल की नाही, मला ठाऊक नाही. ती कॉलेजच्या पहिल्या दिवसापासूनच स्वतःला मोजते आहे, आणि त्याआधीची दहा वर्षं त्यात धरत नाही, एवढं मात्र मला दिसतं. ते तिला एकदा सांगायचं आहे. पण आधी साडी घ्यायला वडगावला जायचं आहे, आणि तिलाच बरोबर नेणार आहे.